खिळ्यावरची चिठ्ठी

एका मेळाव्याच्या स्मरणिकेत माझा फोटो आहे आणि फोटोखाली एका स्कूटरचं रेखाचित्र. पुढे पांढरी कॉलर लावलेला पाळक बसलाय, मागे कॅथलिक फादर, एका हाताने आपला झगा सावरत. स्मरणिका घरी आली तेव्हा मुलाने कौतुकाने विचारलं, "बाबा, बरोबर छापलंय ना सगळं?"

"स्कूटर काळी दाखवलीय," मी म्हणालो. "माझी करडी होती."

तेवढंच बोलायचं धैर्य माझ्यात होतं.

त्या पानावर लिहिलंय ते असं. एका प्रोटेस्टंट पाळकाला वॉर्डात एका कॅथलिक बाईने फादरना बोलावण्याची विनंती केली. पाळक भर दुपारी स्कूटर काढून कॅम्पातल्या चर्चवर गेला आणि फादरना मागे बसवून घेऊन आला. बाईला शेवटचा संस्कार वेळेवर मिळाला. निरनिराळ्या पंथांनी एका खाटेशी एकत्र कसं यावं, याचा हा नमुना म्हणे.

हे घडलेलं नाही. फादर आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नाही, आणि बोलावण्याचं काम माझं होतं. मी आता एक्याऐंशी वर्षांचा आहे. जे घडलं ते आता लिहून ठेवतो.

पुण्यातल्या एका मिशन रुग्णालयात मी एकवीस वर्षं पाळक होतो. अशा माणसाला बाहेरच्या देशांत चॅप्लेन म्हणतात. आमच्याकडे कुणी पाळकसाहेब म्हणे, कुणी पाद्रीबाबा, आणि हाडांच्या वॉर्डातले पेशंट 'प्रार्थनावाले' म्हणत. सकाळी दाखल झालेल्यांची यादी माझ्याकडे येई. त्यात धर्माच्या रकान्यात नुसतं 'ख्रिश्चन' लिहिलेलं असे. कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे मी खाटेशी जाऊन विचारायचो. आमच्या मंडळीतला असेल तर प्रार्थना करायचो, मागितलं तर प्रभुभोजन द्यायचो. कॅथलिक असेल आणि त्याला फादर हवे असतील तर फादरना कळवायचो. कॅथलिकांमध्ये गंभीर आजारी माणसाच्या कपाळाला आणि तळहातांना बिशपनी आशीर्वाद दिलेलं तेल लावतात. ते फक्त फादरनीच लावायचं. आमच्या मंडळीत ही पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं अंधश्रद्धेसारखं वाटे. तरी बोलावणं आलं की मी फोन करायचो. फादरची मोटरसायकल बंद असली तर स्वतः जाऊन त्यांना घेऊन यायचो. स्कूटरची गोष्ट त्या फेऱ्यांमधून जन्मली. त्या फेऱ्या खऱ्या आहेत. फक्त त्या दुसऱ्या पेशंटांसाठी होत्या.

मग एका पावसाळ्यात आमचं बिनसलं. एका कॅथलिक म्हाताऱ्याजवळ मी बसलो होतो. तो फार घाबरला होता, म्हणून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याला बरं वाटलं. संध्याकाळी फादर आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "राहू द्या आता फादर, पाळकसाहेबांनी केलंय सगळं." फादरनी सुपरिटेंडंट साहेबांना पत्र लिहिलं. पत्र सभ्य होतं, दोनच परिच्छेदांचं, कॅथलिक पेशंट फादरवर सोडावेत एवढंच मागणारं. पण साहेबांनी मला बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवलं, समोर मेट्रन उभ्या असताना.

"पाळकसाहेब," साहेब म्हणाले, "स्वर्गात कुणी कुठल्या दाराने जायचं ते तुम्ही दोघं नंतर ठरवा. माझ्या वॉर्डात भांडणं नकोत. यापुढे कॅथलिक पेशंट असला की तुम्ही एक चिठ्ठी लिहायची आणि ऑपरेटरच्या खोलीतल्या खिळ्याला लावायची. ऑपरेटर बाई चर्चला फोन करतील. तुमचं काम संपलं."

मेट्रन हसल्या. ते हसू मला फार दिवस पुरलं.

त्या दिवसापासून मी नियम पाळायला लागलो. फादर कॉरिडॉरमध्ये भेटले की नमस्कार करायचो आणि पुढे जायचो. ते एकदा म्हणाले, "अहो, फोन केलात तरी चालेल मला." मी म्हणालो, "नको, नियम आहे. चिठ्ठीच बरी." पुण्यात जन्मलेल्या माणसाला असं बोलायला शिकवावं लागत नाही.

ती बाई डिसेंबरात दाखल झाली. नगरकडची होती. नवरा नव्हता. एका शाळेच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात तिने वीस वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या, आणि मुलीला कॉलेजात घातलं होतं. हृदय मोठं झालं होतं, पायांना सूज होती, उशा रचून बसवल्याशिवाय श्वास पुरत नसे. मी वॉर्डात गेलो की ती आधी विचारायची, "च्या घेतला का पाळकसाहेब?" जणू मीच तिच्याकडे दाखल झालोय.

रविवार होता. चर्चमधली उपासना आटोपून मी साडेअकराला वॉर्डात आलो. मुलगी तिच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला गेली होती आणि तिथून घरी जाऊन आईसाठी पेज करून आणणार होती. बाईचे ओठ निळसर दिसत होते. तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"पाळकसाहेब, फादरला सांगावा धाडा. आज काही खरं वाटत न्हाई."

"बोलावतो," मी म्हणालो.

बाहेर आलो तर वॉर्डाची नर्स म्हणाली, "लवकर बोलवा हं. डॉक्टर आत्ताच म्हणाले, संध्याकाळ निघणं कठीण आहे."

मी लगेच गेलो नाही. आधी पुरुषांच्या वॉर्डात फेरी मारली. मग ऑपरेटरच्या खोलीत गेलो. रविवारी ऑपरेटर बाई बाराला जायच्या आणि चारला यायच्या. हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. खुर्ची रिकामी होती. टेबलावर फोन होता. चर्चचा नंबर मला पाठ होता. बाहेर माझी स्कूटर उभी होती.

मी चिठ्ठी लिहिली. खाट क्रमांक लिहिला, 'फादरना कळवावे' लिहिलं, आणि खाली वेळ टाकली, सव्वाबारा. वेळ का टाकली, तेही सांगतो. उद्या कुणी विचारलं असतं, तर माझ्याकडे दाखवायला काहीतरी असावं म्हणून. चिठ्ठी खिळ्याला लावली आणि मला बरं वाटलं. फादरनी पत्र लिहून जे मागितलं होतं ते मी त्यांना अक्षर न चुकवता देत होतो. चारला बाई येतील, चिठ्ठी पाहतील, फोन करतील. तोपर्यंत उशीर झाला तर फादरनी स्वतःच्या पत्राला विचारावं. असं मी मनात म्हणालो. शब्द हेच होते, मला पक्के आठवतात.

माझं म्हणणं एवढंच की मी विसरलो नव्हतो.

एक वाजता ती म्हणाली, "फादर निघालं का?" मी म्हणालो, "कळवलंय." दोन वाजता तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "येतील." मग ती आणखी काही बोलली, ते पुढे येईल. मी घरी जाऊन जेवलो.

साडेतीनला परत आलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. ती शुद्धीवर नव्हती. श्वास लांब अंतराने येत होता. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली होती. मी धावत ऑपरेटरच्या खोलीकडे गेलो. चिठ्ठी तशीच होती. मी ती काढून खिशात घातली. फोन उचलला आणि खाली ठेवला, कारण आता फोन केला असता तर फादरनी पहिला प्रश्न विचारला असता की इतक्या उशिरा का. खाटेशी आलो. शेजारच्या छोट्या कपाटावर तिची खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीने तेल गोठलं होतं. मी बाटलीत बोट घालून पांढरा गोळा काढला आणि तिच्या कपाळावर क्रूस काढला. का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेल कपाळावर वितळलं आणि भुवईपर्यंत आलं. चारला दहा कमी असताना ती गेली.

मुलगी डबा घेऊन आली. बावीस वर्षांची असेल. पडद्याच्या आत येऊन तिने पाहिलं आणि डबा हातातच धरून उभी राहिली. मग तिची नजर कपाळावर गेली. तिथे ओलं चमकत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"फादर येऊन गेले?"

"हो."

"आई काही बोलली?"

"शांत गेली," मी म्हणालो.

ती खाली वाकली आणि जिथे मी तेल लावलं होतं तिथे तिने ओठ टेकले. भेटींच्या वहीत मी त्या संध्याकाळी लिहिलं, 'फादर आले. संस्कार झाला.'

दफनाच्या दिवशी ती माझ्यादेखत फादरना म्हणाली, "फादर, तुम्ही आईसाठी वेळेवर आलात." मी पाचसहा पावलांवर होतो. फादरनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी आई देवाजवळ आहे, बेटा." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. फाटकापाशी मोटरसायकलला किक मारण्याआधी मला एवढंच म्हणाले, "यापुढे मला सरळ फोन करत जा, पाळकसाहेब. पत्र मी मागे घेतो." त्यांनी ते खरंच मागे घेतलं. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि पुढे कधीतरी ते वारले. या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. बोललो असतो तर मला त्यांची क्षमा मागावी लागली असती, आणि ते मी टाळलं.

पुढचं सोपं झालं. मेट्रननी माझ्या निवृत्तीच्या समारंभात स्कूटरची आणि त्या बाईची गोष्ट एकत्र करून सांगितली. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. बायकोलाही मी खरं सांगितलं नाही. ती गोष्ट ती पाहुण्यांना सांगायची.

आणि ती मुलगी मला काका म्हणू लागली. आईच्या आजारपणात जे पाहिलं त्यामुळे तिने हेच काम घ्यायचं ठरवलं. रुग्णांचं समुपदेशन शिकली, परदेशी जाऊन प्रशिक्षण घेऊन आली. आज खराडीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात हा विभाग ती चालवते. साठीला आली आहे, केस पांढरे झाले आहेत. दर नाताळात माझ्याकडे कोथरूडला करंज्या घेऊन यायची आणि जाताना वाकून नमस्कार करायची. दर नाताळात मी तिला आशीर्वाद दिला.

निरनिराळ्या पंथांच्या चॅप्लेन लोकांचा आंतरराष्ट्रीय मेळावा गेल्या वर्षी पुण्यात भरला, तो तिच्यामुळे. कात्रजच्या अलीकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात चार दिवस. तिने मला महिनाभर आधी फोन केला.

"काका, एक मागणं आहे. तुम्ही आईची शब्दशः नोंद लिहा."

ही आमच्या कामातली पद्धत आहे. रुग्णाशी झालेलं बोलणं चॅप्लेन आठवून जसंच्या तसं लिहून काढतो. रुग्णाचं वाक्य, आपलं वाक्य, पुन्हा रुग्णाचं, प्रत्येकाला क्रमांक. मग पाचसहा सहकाऱ्यांच्या गटात ते मोठ्याने वाचायचं. आपलं आपण वाचायचं, रुग्णाचं दुसऱ्या कुणीतरी. ऐकताना आपण कुठे चुकलो, कुठे घाईने विषय बदलला, ते आपोआप उघडं पडतं.

"इतकी वर्षं झाली गं," मी म्हणालो.

"जेवढं आठवेल तेवढं. आईचं मी वाचीन. काका, ती शेवटी काय बोलली ते मला कधी कळलंच नाही. तुम्ही होतात फक्त."

मी लिहिलं. दोन पानं. त्यात बाई फादर आल्याचं पाहून म्हणते, 'आता मला भीती नाही.' हे वाक्य मी कोथरूडच्या बाल्कनीत बसून तयार केलं. त्याआधी दोन वाक्यं लिहून खोडली, ती फार धार्मिक वाटत होती म्हणून.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी एका लांब टेबलावर प्रत्येकाने खाटेशी जाताना आपण काय नेतो ते मांडलं होतं. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी लाकडी क्रूस आणि कापसाचे बोळे ठेवले होते. फिनलंडच्या लूथरन बाईंनी एक घडीची खुर्ची आणली होती. म्हणाल्या, "मी फक्त बसते. उभा माणूस पाहिला की पेशंटला वाटतं, हा आता जाणार." फिलिपिन्सच्या सिस्टरनी जपमाळांचा ढीग ठेवला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात एकेक कोंबत होत्या. इथिओपियाचे धर्मगुरू म्हणाले, "सिस्टर, मला तीन झाल्या." सिस्टर म्हणाल्या, "मग तीनदा म्हणा."

एका इटालियन फादरनी तेलाची चांदीची डबी ठेवली होती, अंगठ्याएवढी. बाईच्या मुलीने ती उचलली आणि सगळ्यांना दाखवत म्हणाली, "माझ्या आईला हे मिळालं. या माणसामुळे." सगळे माझ्याकडे वळले. फिनलंडच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला आणि चहाकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या गटाची पाळी होती. गटात फिनलंडच्या बाई, इथिओपियाचे धर्मगुरू, सिस्टर, ती आणि मी. नोंद मराठीत होती. प्रत्येक वाक्य झालं की ती इंग्रजीत सांगायची. मी माझी वाक्यं वाचली, तिने आईची. 'फादरला सांगावा धाडा' हे वाचताना तिचा आवाज आईसारखा झाला, नगरकडचा. तेवढं वाक्य खरं होतं. नंतर ती 'आता मला भीती नाही' या ओळीवर आली. वाचलं, थांबली, डोळे पुसले, आणि इंग्रजीत सांगायच्या आधी हळूच म्हणाली, "आई अशी बोलली?"

सिस्टर रडायला लागल्या. फिनलंडच्या बाई रडल्या नाहीत. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"मला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वाक्यात तुम्ही म्हणता, बोलावतो. तिसऱ्यात ते आलेले आहेत. मधे किती वेळ गेला? त्या वेळात ती काय म्हणाली? मरणारा माणूस वाट पाहताना गप्प बसत नाही."

त्यांचा काही संशय नव्हता. आमच्यात असे प्रश्न रोज विचारतात. पण माझ्या तोंडून मराठीत निघालं, "फादर आलेच नाहीत."

तिने ते इंग्रजीत सांगितलं नाही. बाकीचे तिच्याकडे पाहत राहिले. "ते दमलेत," ती म्हणाली. "आपण थांबू."

कॉरिडॉरमध्ये तिने मला बाकावर बसवलं, पाणी आणलं.

"काय म्हणालात आत?"

"आले नाहीत. तेल मी लावलं. खोबरेल. तू आलीस तेव्हा मी खोटं बोललो."

ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "का नाही आले?"

आणि इथे मी पुन्हा खोटं बोललो. "मी विसरलो," असं म्हणालो.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एवढंच ना? इतकी वर्षं हे मनात ठेवलंत? माणूस विसरतो, काका. वॉर्डात पन्नास पेशंट असायचे तुमच्याकडे." तिचे डोळे भरले होते, तरी ती मलाच समजावत होती. "तुम्ही तेल लावलंत ना. कुणीतरी तिच्यापाशी होतं. मी कितीदा विसरलेय, तुम्हाला सांगते." आणि तिने मला सांगितलं, कुणाला काय निरोप द्यायचा ती विसरली होती, ते सगळं. रिक्षात बसवून देताना रिक्षावाल्याला म्हणाली, "सावकाश न्या, आमचे काका आहेत."

घरी आल्यावर मी बायबल उघडलं. चिठ्ठी त्यात होती, इतकी वर्षं. कागद पिवळा पडलाय, पण पेनाची शाई स्पष्ट आहे. खाट क्रमांक, फादरना कळवावे, सव्वाबारा. विसरलेला माणूस वेळ टाकत नाही. ती चिठ्ठी मी का फाडली नाही, हे मला वाटतं मला त्या दिवशी कळलं. तिने माफ केलं होतं ते दुसऱ्याच कुणाला तरी, विसरलेल्या एका माणसाला. मी टेबलाशी बसलो आणि नोंद पुन्हा लिहिली. या वेळी एकही वाक्य शोधावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी मी लवकर पोहोचलो. समारोपाला दोन तास होते. गटाच्या खोलीत ती एकटीच खुर्च्या लावत होती. मी नव्या नोंदीच्या दोन प्रती आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

तिने आधी चिठ्ठी वाचली.

"सव्वाबारा," ती म्हणाली.

"हो."

"ही लिहिली होती तुम्ही."

"हो."

"मग विसरलात कुठे?"

"विसरलो नाही. खिळ्याला लावली. रविवारी ऑपरेटर चारपर्यंत नसते हे मला माहीत होतं." मी पत्राचं सांगितलं, सुपरिटेंडंटांचं, मेट्रनच्या हसण्याचं. सांगताना ते इतकं लहान वाटलं की मला वाटलं, ती विश्वास ठेवणार नाही. "मला फादरना धडा शिकवायचा होता."

"माझ्या आईच्या जिवावर," ती म्हणाली.



तिने खिडकी लावली, बाहेर कुणीतरी माइकची चाचणी घेत होतं. मग समोरासमोर दोन खुर्च्या ओढल्या.

"बसा. वाचू या."

"तूच वाच ना मनात. मी बाहेर थांबतो."

"पद्धत आहे, पाळकसाहेब." काका म्हणाली नाही. "नोंद मोठ्याने वाचायची. आणि रुग्णाचं दुसऱ्याने वाचायचं. आज पाळकाचं मी वाचते. तुम्ही रुग्ण."

"मला नाही जमणार गं."

"तिला जमलं होतं ना, वाट पाहायला? वाचा."

मी चष्मा लावला. कागद गुडघ्यावर ठेवला.

"फादरला सांगावा धाडा," मी वाचलं. "आज काही खरं वाटत न्हाई."

"बोलावतो," तिने वाचलं. सरळ आवाजात, यादी वाचावी तसं.

"फादर निघालं का?"

"कळवलंय."

तिथे ती थांबली. कागदावर कंसात मी लिहिलं होतं, 'एक वाजला होता, फोन केलेला नव्हता.' तिने तेही वाचलं.

"फादर अजून आलं न्हाईत?" मी वाचलं. मी त्या खाटेवर होतो, आणि समोर बसलेल्या माणसाला सगळं माहीत होतं आणि तो सांगत नव्हता.

"येतील," ती म्हणाली.

एक वाक्य उरलं होतं. बाईचं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या नोंदीतही लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिलं असतं तर मी त्यानंतर काय केलं तेही लिहावं लागलं असतं.

"वाचा," ती म्हणाली.

"तुमी जेवून या, पाळकसाहेब," मी वाचलं. "येळ झाला तुमचा. मी हाय हितंच."

तिने कागद खाली ठेवला. बाहेर माइकवर कुणीतरी एक, दोन, तीन म्हणत होतं.

"आणि तुम्ही गेलात."

"हो. जेवलो."

"काय होतं?"

मला आठवत होतं. "वरणभात. आणि वांग्याची भाजी."

तिने मान हलवली. मला वाटलं आता ती उठेल, मला जायला सांगेल. सांगितलं असतं तर मी गेलो असतो.

"तेवढं परत वाचा," ती म्हणाली. "शेवटचं."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिचे ओठ माझ्याबरोबर हलले. तिसऱ्या वेळेनंतर ती उठली, दोन्ही कागद आणि चिठ्ठी तिने आपल्या पर्समध्ये ठेवली.

"स्मरणिका वाटून झाली आहे," ती म्हणाली. "ती परत गोळा करता येणार नाही. तुम्ही लिहा. खिळ्यासकट. आपल्या चॅप्लेन लोकांच्या मासिकाला मी पाठवते. आणि ती भीतीची ओळ खोडून टाका, ती माझ्या आईची नाही."

"तू मला..." मी सुरुवात केली.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही विचारायचं ते."

समारोपाला मी थांबलो नाही. गेल्या नाताळात ती आली नाही, करंज्याही आल्या नाहीत. हे लिहून झालं की मी तिलाच पाठवणार आहे, पुढे मासिकाला द्यायचं की नाही ते ती ठरवेल.

त्या दिवशी दारापर्यंत ती माझ्याबरोबर आली. रिक्षा बोलावली नाही. दाराशी उभी राहून तिने पर्सवर हात ठेवला, आतले कागद आहेत ना ते पाहिल्यासारखा.

"होस्टेलच्या मुलींनाही ती हेच म्हणायची," ती म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती. "जेवून या, मी हाय हितंच."